मधली सुट्टी

सभागृहातला कार्यक्रम आटोपून शिगेमात्सु ओची घरी परतले, तेव्हा त्यांच्या एका हातात लाल-पांढऱ्या गोड बनांचा खोका होता आणि काखेत नवी कोरी उशी. वृद्धसन्मान दिनाला पंचाहत्तरीपुढच्या प्रत्येकाला गाव उशी देतं. शिगेमात्सु आता चौऱ्याऐंशीचे. घरात दहा उशा झाल्या होत्या.

"मामंजी, बालवाडीच्या पोरांनी खांदे चेपले का यंदा?" त्यांच्या हातातला खोका घेत सुनेनं, तोमिएनं विचारलं.

"चेपले कसले, बडवले! एक चिमुरडी तर विचारते, आजोबा, तुम्ही डायनासोर बघितलाय का? म्हटलं, बघितलाय ना, तुझ्या मागच्या खुर्चीवर बसलाय तोच."

तोमिए हसली, पण तिची नजर अंगणाकडे गेली. तिथं जे उभं होतं ते मामंजींनी अजून पाहिलं नव्हतं. बॅटरीवर चालणारी चार चाकांची खुर्ची. पुढं टोपली, मागं छोटी पिवळी पताका, आणि हँडलला हातभर लांब लाल रिबिनीचा बो. बो मिनाकोनं बांधला होता.

मिनाको ही शिगेमात्सुंची धाकटी. ओसाकाला नर्सिंग होमची व्यवस्था बघायची. यंदा सोमवारी वृद्धसन्मान दिन आणि बुधवारी शरद विषुव दिन असं जुळून आलं होतं. दोन सणांच्या मध्ये सापडलेल्या दिवसाला कायद्यानंच सुट्टी मिळते, म्हणून मंगळवारही मोकळा. शनिवार-रविवार धरून सलग पाच दिवस. अकरा वर्षांनी असा योग आला होता, आणि मिनाकोनं तो वाया घालवायचा नाही असं ठरवूनच जहाजाचं तिकीट काढलं होतं. पर्समध्ये एक अर्जही होता. वाहन चालवण्याचा परवाना स्वखुशीनं परत करण्याचा.

"बाबा, हे तुमच्यासाठी. दादाकडून आणि माझ्याकडून," ती म्हणाली.

शिगेमात्सुंनी खुर्चीभोवती एक चक्कर मारली. पताका बोटानं हलवून बघितली.

"किती पळते?"

"ताशी सहा किलोमीटर. एकदम सुरक्षित."

"सहा!" म्हाताऱ्यानं मान हलवली. "या वेगानं बागेत पोचेपर्यंत संत्री पिकून गळून पडतील. आणि चढावर काय करायचं? उतरून मी ढकलायची का ती मला ढकलणार?"

"बागेत जायला नाही बाबा. दुकानात, दवाखान्यात..."

"आणि माझा टेम्पो?"

मोठा मुलगा कात्सुहिरो एकदम वाकून खुर्चीचे टायर तपासू लागला. शिगेमात्सु सगळं समजले. उशी तिथंच खुर्चीवर ठेवून ते आत गेले.

*

रात्रीच्या जेवणाला अख्खा पाला मासा भाजलेला होता आणि तोमिएनं सकाळपासून खपून सुशीचा भात केला होता, पण पहिला घास पोटात जायच्या आत विषय निघालाच.

"ऑगस्टमध्ये टेम्पो ठोकलात तुम्ही," मिनाको म्हणाली. "मागचा दिवा फुटला, फळीला पोचा पडला. आज खांबावर गेला, उद्या माणसावर जाईल."

"चिखलात घसरला."

"दादा म्हणतो, त्या दिवशी पाऊसच नव्हता."

शिगेमात्सुंनी मुलाकडं बघितलं. सत्तावन्न वर्षांचा कात्सुहिरो भातात तोंड घालून बसला. बागायतदार संघाच्या गोदामात दीडशे माणसांवर ओरडणारा हा माणूस बापासमोर अजून पाचवीतल्या पोरासारखा व्हायचा.

"गेल्या वर्षी परीक्षा दिलीये मी," शिगेमात्सु म्हणाले. "सोळा चित्रं दाखवतात, नंतर विचारतात कुठली बघितली. चौदा सांगितली. कात्सुहिरो, परवा रात्री आपण काय जेवलो?"

"परवा? परवा..." कात्सुहिरोनं बायकोकडं बघितलं.

"तिच्याकडं बघू नको, कॉपी करतोयस."

काहो, कात्सुहिरोची तेवीस वर्षांची मुलगी, फिस्सकन हसली. मात्सुयामाच्या एका दवाखान्यात ती रुग्णांना व्यायाम शिकवायची आणि आजोबांची पक्की माणूस होती. "आत्या, आजोबांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे गं. संत्र्याचं साल एका पट्टीत काढतात."

"साल काढायला परवाना लागत नाही," मिनाको म्हणाली. "ब्रेकवर पाय वेळेत पडतो का ते सांग. तूच तर हे काम करतेस."

ते काहोला सांगता येत नव्हतं.

"आज कुठला दिवस आहे?" शिगेमात्सुंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. "म्हाताऱ्यांना मान देण्याचा. सकाळी गावानं मान दिला, पोरांनी गाणं म्हटलं. आणि घरी येतो तो माझीच मुलं माझी गाडी काढून घ्यायला टपलेली. निदान आजचा दिवस तरी सोडायचा होतात!"

हे मात्र मिनाकोला लागलं. "बरं. आज नाही."

"बुधवारी तर मुळीच नाही," कात्सुहिरो घाईनं म्हणाला. "त्या दिवशी आईच्या थडग्यावर जायचं. तिच्यासमोर भांडण नको."

"मग उद्या," मिनाको म्हणाली. "उद्याचा दिवस ना म्हाताऱ्यांचा, ना पूर्वजांचा. उद्या सकाळी दहाला. सगळ्यांनी बसून निकाल लावायचा."

"लावा," शिगेमात्सु म्हणाले, आणि माशाचा गालाखालचा सगळ्यात मऊ तुकडा उचलून त्यांनी मुलीच्या वाटीत टाकला. लहानपणापासून तो तिचाच असायचा.

*

मंगळवारी सकाळी तोमिए तांबड्या डाळीचं पुरण शिजवत होती. विषुव दिनाला ओहागी हवेत, पुरणात गुंडाळलेले भाताचे लाडू. सासूबाईंच्या थडग्यावर सहा, शेजारी बारा, घरात जितके संपतील तितके. हात सवयीनं चालत होते, पण लक्ष घड्याळाकडं होतं.

कारण तो खांब तिनं ठोकला होता.

जुलैत एक दिवस बागेतून परत येताना ती सहज बोलून गेली होती, "मामंजी, तीस वर्षं झाली मला या शेजारच्या सीटवर बसून." सहजच. दुसऱ्या दिवशी शिगेमात्सुंनी खाडीपलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म तिच्यासमोर ठेवला. शाळेची बस दारात येते. पण ती बस पंचावन्न वर्षांच्या बाईसाठी थांबली तर गावभर चर्चा. म्हणून मंगळवार-शुक्रवार शिगेमात्सुच तिला सोडू लागले. घरी सांगितलं, गुडघ्याला शेक द्यायला जातोय. मधल्या दिवशी बागेतल्या गोदामापुढच्या मोकळ्या जागेत सराव. ती स्वतःची जमीन, तिथं कुणी विचारत नाही. तिथंच ऑगस्टमध्ये रिव्हर्स घेताना तिनं क्लचऐवजी भलतंच काहीतरी दाबलं होतं.

"कुणाला सांगू नका," ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती. "दोनदा नापास झालेय. त्यात हे." आणि म्हाताऱ्यानं शब्द पाळला होता.

मागच्या दारी नळावर शिगेमात्सु तोंड धूत होते. ती एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"मामंजी, मी सांगून टाकते आज."

"अजिबात नाही. गुरुवारी तुझी परीक्षा आहे. आत्ता सांगितलंस की तिघं तीन बाजूंनी शिकवायला लागतील, आणि तू गुरुवारी सरळ रस्त्यावर पण नापास होशील."

"पण ते तुमचा परवाना घेतायत!"

"बोलतील, दमतील. ओसाकाला जायचं जहाज आहे तिला गुरुवारी."

"वहिनी, पुरण लागतंय!" आतून मिनाकोची हाक आली, आणि तोमिए धावली.

मिनाको डाव घेऊन पातेल्यात घोटत होती.

"तुम्ही काही बोलत नाही वहिनी," मिनाको म्हणाली. "रोज त्यांच्या शेजारी तुम्ही बसता. भीती नाही वाटत?"

"मामंजी चांगले चालवतात, वन्सं."

"सगळेच चांगले चालवतात. एका दिवसापर्यंत." मिनाकोचा आवाज बदलला. "आमच्याकडं एक आजोबा आहेत. पन्नास वर्षं ट्रक चालवला. एका सकाळी त्यांच्या गाडीखाली शाळेला निघालेली मुलगी आली. पोरगी वाचली, पण आजोबा तेव्हापासून बोलत नाहीत. मी रोज त्यांना भरवते वहिनी. आणि रोज सकाळी माझा फोन वाजला की आधी इथला विचार येतो."

तोमिएनं डाव तिच्या हातातून घेतला. आता गप्प बसणं आणखी अवघड झालं होतं.

*

दहाला सगळे बसले. मिनाकोनं अर्ज टेबलावर ठेवला. कात्सुहिरोनं घसा साफ केला आणि खिशातून टेम्पोची किल्ली काढून अर्जाशेजारी ठेवली. सकाळी खुंटीवरून त्यानं गुपचूप उचलली होती.

"बाबा, मी विचार केला," तो म्हणाला. "मिनाचं बरोबर आहे. खांब होता म्हणून बरं."

"काहो?" शिगेमात्सुंनी नातीला विचारलं.

काहोच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नाही माहीत आजोबा. पण कसा ठोकला ते तुम्ही लपवलंत ना... ते मला आवडलं नाही. मला तरी खरं सांगायचं."

हा वार कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी बसला. मुलगा आणि मुलगी विरुद्ध जाणार हे शिगेमात्सुंनी धरलंच होतं. पण नात! मग त्यांनी शर्टाच्या खिशातून परवाना काढला, त्यावरच्या फोटोवरून अंगठा फिरवला आणि किल्लीशेजारी ठेवून दिला.

"घ्या," ते म्हणाले. "बासष्ट वर्षं झाली. पुरे."

इतक्या सहज जिंकल्यावर काय करायचं ते मिनाकोला कळेना.

"उचला तो!" तोमिए ओरडली.

तीस वर्षांत या घरात तिचा आवाज इतका चढला नव्हता. कात्सुहिरो दचकून मागं सरकला.

"टेम्पो मी ठोकला. मी! खांब माझा, दिवा माझा, पोचा माझा. मी गाडी शिकतेय जुलैपासून. दोनदा नापास झालेय. गुरुवारी परत परीक्षा आहे. गुडघ्याला शेक-बिक काही नाही, मामंजींचे गुडघे ठणठणीत आहेत!"

"गुडघे तेवढे दुखतात थोडे," शिगेमात्सु पुटपुटले.

"तू?" कात्सुहिरो म्हणाला. "गाडी?"

"हो. मी, गाडी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात. आणि मग आठवड्याभरात मी माहेरी गेले असते, तेही पायी."

काहो आधी हसली. डोळे पुसत पुसतच हसली. मग मिनाकोलाही आवरेना आणि ती टेबलावर डोकं ठेवून खिदळू लागली. कात्सुहिरो मात्र हसला नाही. तो उठला, किल्ली उचलली आणि दाराकडं निघाला.

"कुठं निघालात?"

"गोदामावर," तो म्हणाला. "बघू तरी दे, काय शिकलीयेस."

*

संत्र्याच्या बागा डोंगरावर पायऱ्यांसारख्या चढत गेल्या होत्या. फळं अजून हिरवीच होती, बांधांवर विषुवाची लाल फुलं फुलली होती, आणि खाली समुद्र. गोदामापुढं ओची मंडळी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काहो मात्र बॅटरीच्या खुर्चीवरूनच आली. ताशी सहा किलोमीटरनं चढ चढायला तिला अर्धा तास लागला, आणि वाटेत दोन कुत्री तिला ओलांडून पुढं गेली.

तोमिए टेम्पोत चढली. शिगेमात्सु शेजारी बसायला निघाले, तशी ती म्हणाली, "नको मामंजी. एकटीच."

इंजिन सुरू झालं आणि लगेच बंद पडलं.

"क्लच हळू सोड!" कात्सुहिरो.

"आरसा बघा वहिनी, आरसा!" मिनाको.

"आई, हँडब्रेक!" काहो.

"हे बघा, म्हणून मी सांगत नव्हतो," शिगेमात्सु म्हणाले. "तोंडं मिटा सगळ्यांनी."

तोंडं मिटली. टेम्पो पुढं सरकला. सरावासाठी मांडलेल्या पिंपांच्या मधून एक वळण, दुसरं वळण, मग क्रेटच्या रांगांमधली ती अरुंद नागमोडी वाट, जिथं ती परीक्षेत दोनदा अडकली होती. चाक क्रेटला घासणार असं वाटलं. मिनाकोनं भावाचा दंड घट्ट धरला. टेम्पो थांबला, वीतभर मागं आला, स्टिअरिंग फिरलं आणि वळणातून अलगद बाहेर पडला.

मग रिव्हर्स. खांबावर पांढरा ओरखडा अजून दिसत होता. तोमिएनं मान वळवली. तीस वर्षं कात्सुहिरोनं ही बाई कमरेत वाकलेली पाहिली होती, भाताच्या पातेल्यावर, क्रेटवर, त्याच्या आईच्या अंथरुणाशी. आत्ता ती ताठ बसून मागं बघत होती, ओठ आवळून, आणि त्याला वाटलं, हिला आपण नीट ओळखतच नाही. त्यानं मनात ठरवलं होतं की रागवायचं. ते जमलं नाही. टेम्पो खांबापासून हातभर अंतरावर थांबला, तसा तो मोठ्यानं टाळ्या वाजवू लागला.

"परवा, गुरुवारच्या परीक्षेला मी सोडतो तुला," तो म्हणाला.

"तुम्ही नाही. तुम्ही बोलता."

"नाही बोलणार."

"मग या."

मिनाको बापाशेजारी जाऊन उभी राहिली. "बाबा, तरी पण. खांब तुम्ही ठोकला नाहीत, पण चौऱ्याऐंशी तर तुमचेच आहेत."

"माहितीये." शिगेमात्सुंचं लक्ष सुनेकडंच होतं. "मी का शिकवतोय तिला, असं वाटतं तुला? संध्याकाळी समोरून दिवे आले की मला रस्त्याची कड दिसत नाही. वर्ष झालं. म्हणून संध्याकाळचा मी निघतच नाही. मी बंद केली तर ही अडकणार. माल, दवाखाना, बाजार, सगळं. म्हणून तिच्या हातात पडेपर्यंत थांबलोय."

"मग हे काल सांगायचं होतं ना!"

"काल तुम्ही विचारत नव्हतात. काढून घेत होतात."

मिनाकोनं टेबलावरून उचलून आणलेला अर्ज पर्समधून काढला. फाडेल असं काहोला वाटलं, पण तिनं नीट घडी घालून तो बापाच्या शर्टाच्या खिशात ठेवला. "तुमच्याकडंच असू दे. तारीख तुम्ही घाला. पण तोवर फक्त दिवसा, आणि फक्त बाग आणि ड्रायव्हिंग स्कूल. शपथ."

"शपथ."

"आणि ती चाकाची खुर्ची?" काहोनं विचारलं. "मस्त आहे ती. पाणी प्यायला पण थांबायला लागत नाही."

"डायनासोरला देऊ," शिगेमात्सु म्हणाले.

*

बुधवारी सगळे थडग्यावर गेले. दगडावर पाणी ओतलं, उदबत्ती लावली, सहा लाडू ठेवले. सगळ्यांनी हात जोडले आणि शिगेमात्सुंचे जोडलेले हात सगळ्यात शेवटी सुटले. बायकोला त्यांनी काय सांगितलं ते कुणी विचारलं नाही. परतीच्या वाटेवर मिनाको वहिनीच्या बरोबरीनं चालत होती आणि दोघींचं काहीतरी कुजबुजत चाललं होतं. पूर्वी असं कधी नव्हतं.

गुरुवारी तोमिए स्कूलच्या आवारातली परीक्षा पास झाली. पुढच्या महिन्याभरात रस्त्यावरची परीक्षा, मग लेखी. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी परवाना तिच्या हातात आला. फोटोत ती रागावल्यासारखी दिसत होती. सोमवारी शिगेमात्सु स्वतःच पोलीस ठाण्यात गेले. अर्जावर तारीख घातली, परवाना दिला आणि त्याच्या बदल्यात तो परत केल्याचं एक पत्र मिळालं. कर्मचाऱ्यानं वाकून आभार मानले. येताना टेम्पो तोमिएनं आणला.

मंगळवार तीन नोव्हेंबर, संस्कृती दिन. सुट्टी. शेजारच्या शहरात शेवंतीच्या फुलांचं प्रदर्शन होतं. कात्सुहिरोला गोदामात तोडणीच्या हंगामाची घाई होती.

"मामंजी, येता?"

"तुझ्यासोबत?"

"नाहीतर कुणासोबत!"

शिगेमात्सु शेजारच्या सीटवर बसले. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. पहिल्या वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. दुसऱ्या वळणालाही. "गिअर," ते म्हणाले. "तिसरा." थोड्या वेळानं, "समोर सायकल आहे." पुन्हा थोड्या वेळानं, "आता ठीक आहे."

मग समुद्राकाठचा सरळ रस्ता लागला. ऊन काचेतून आत येत होतं. डोंगरभर संत्री पिवळी झाली होती. मागं एक पांढरी गाडी बराच वेळ चिकटून होती. तोमिएनं डावीकडं घेऊन तिला वाट दिली. घाई नव्हती.

"शेवंतीत पहिला नंबर कुणाचा येईल, काय वाटतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

उत्तर आलं नाही.

तिनं चटकन बघितलं. मामंजींची मान खिडकीकडं कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते. ते गाढ झोपले होते.

शहराकडं वळायचा फाटा आला. तोमिएनं वेग कमी केला, इंडिकेटर दिला, आणि पुन्हा बंद केला. ती सरळ पुढं निघाली, समुद्राच्या कडेनं, जिकडं ती आजवर कधी गेली नव्हती.